सांगण्याची अमानत

शहापूरच्या बाजारपेठेत किंवा मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर, दवाखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला विचारून पाहावे, "काय म्हणाले डॉक्टर?" उत्तर बहुधा एकच मिळते : "गोळ्या दिल्यात." काय झाले आहे, असे विचारले तर तो हातातला कागद पुढे करतो. कागद इंग्रजीत असतो. गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे औषधाच्या दुकानदाराने पाकिटावर रेघा मारून सांगितलेले असते. आजार त्याच्या शरीराचा, पैसे त्याच्या खिशातले, पण आजाराची माहिती मात्र त्याच्याजवळ नसते.

हा माणूस अडाणी आहे म्हणून असे होते, असा आपला एक समज आहे. तो खरा नाही. शिकलेला कारकून आणि बी.एड. झालेला शिक्षकही त्या खोलीतून असाच बाहेर पडतो. खुर्चीवर बसल्यावर मनात जमवलेले चार प्रश्न विरून जातात. मागे पन्नास माणसे उभी असतात आणि पुढचा नंबर पुकारला गेलेला असतो. म्हणून प्रश्न निरक्षरतेचा नाही. प्रश्न असा आहे, की रुग्णाला त्याच्या आजाराबद्दल समजेल अशा भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे सौजन्य आहे की कर्तव्य? सौजन्य असेल तर गर्दीच्या दिवशी ते नसले तरी तक्रार करता येत नाही. कर्तव्य असेल तर मात्र गर्दीच्या दिवशीही ते शिल्लक राहते.

आम्ही या प्रश्नाकडे वळलो ते शाळेतून. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत रजेचे जे अर्ज येतात, त्यांतले एक कारण नेहमीचे आहे : अम्मीबरोबर दवाखान्यात जायचे आहे. आजारी अम्मी असते, रजा मुलीची असते. आई उत्तर प्रदेशातून किंवा मालेगावाकडून लग्न होऊन इथे आलेली, मराठी तिला धड येत नाही. मुलगी शाळेत मराठी शिकते, म्हणून ती दुभाषी. सातवीतली मुलगी आईच्या गर्भाशयाच्या आजाराचे प्रश्न डॉक्टरांकडून ऐकते, ते आईला विचारते, आईचे लाजत दिलेले उत्तर डॉक्टरांना सांगते. काही शब्द तिला ठाऊक नसतात आणि काही ठाऊक असूनही ती उच्चारत नाही. मग ती स्वतःच्या अकलेने काहीतरी मधले सांगते. त्या मधल्या सांगण्यावर औषध लिहिले जाते. दुसऱ्या दिवशी ती वर्गात येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक जबाबदारी दिसते, जी तिच्या वयाची नाही. आदिवासी पाड्यांतली मुलेही आपल्या आजीसाठी हेच काम करतात, असे मराठी शाळांतले आमचे शिक्षकमित्र सांगतात.

आमच्या या दोन तालुक्यांत एकच मराठी नाही, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि कोकणी मुसलमान अशा प्रत्येकाची बोली वेगळी. आसनगावच्या आणि मुरबाडच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेले मजूर आहेत, त्यांची हिंदी वेगळी. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, खाली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे आहेत. तिथे येणारे तरुण डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यांतले असतात. त्यांनी सारी विद्या इंग्रजीतून घेतलेली असते. रुग्ण मात्र आपला आजार आपल्या आईच्या भाषेत भोगत असतो.

पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत एखादा माणूस धावत येऊन सांगतो, "भावाला पान लागलं." बाहेरगावच्या डॉक्टरला वाटेल, कुठल्या तरी झाडाच्या पानाने अंगाला खाज सुटली असेल. पण साप चावला असे तोंडाने म्हणू नये म्हणून आपल्याकडे 'पान लागले' म्हणतात. एखादी बाई म्हणते, "अंगावरून जातंय." म्हातारा म्हणतो, "अंगावरून वारं गेलं." शब्द जवळजवळ तेच, पण पहिलीला स्त्रीरोगाची तपासणी हवी आणि दुसऱ्याला लकवा झालेला आहे. आमच्या घरांतल्या बायका म्हणतात, "दिल घबराता है." त्यात कधी नुसती काळजी असते, कधी रक्त कमी झालेले असते, कधी खरोखरच हृदयाचे दुखणे असते. यातले कोणते, हे यंत्र सांगू शकेल, पण कोणते यंत्र लावायचे हे आधी विचारूनच ठरवावे लागते.

विचारण्याने जीव वाचतो हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. मण्यार हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाची वेदना फारशी होत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही पुष्कळदा दिसत नाहीत. पहाटे माणूस पोटदुखीने उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, शेवटी श्वास अडतो. तो दवाखान्यात येऊन सांगतो एवढेच, की पोटात दुखते. पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्याला घरी पाठवले तर तो वाटेतच जाईल. "रात्री कुठे झोपला होतात? खाटेवर की खाली?" हा एक साधा प्रश्न विचारला, पापण्यांकडे पाहिले, तर सर्पविषावरची लस वेळेत सुरू होते. हा प्रश्न ज्याला सुचतो त्याला इथल्या माणसाचे घर माहीत असते. आमच्याकडे खाट सगळ्यांच्या घरी नसते.

कोकणातच याचे एक मोठे उदाहरण घडलेले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७० च्या दशकात आजच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने माणसे मरत होती आणि त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. ते रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले. केव्हा घाम फुटतो, हातपाय केव्हा गार पडतात, श्वास केव्हा लागतो, हे पाहत आणि टिपत राहिले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा वापर त्यांनी विंचूदंशावर केला आणि मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला जे दिसले नव्हते ते खेड्यातल्या खाटेजवळ बसून, पाहून आणि ऐकून दिसले.

तेव्हा ऐकणे हा उपचाराचाच भाग आहे, हे मान्य व्हायला हरकत नसावी. डॉक्टरांनाही त्याचा उपयोग आहे. पण सांगण्याचे काय? निदान झाले, औषध लिहिले, रुग्ण बरा झाला, तर त्याला काय झाले होते हे त्याला कळले नाही म्हणून बिघडले कुठे? असे विचारणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

इथे आम्हाला आपल्याकडचा एक शब्द मदतीला घ्यावासा वाटतो : अमानत. कुणी विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. ती आपल्या हातात असते, पण आपली नसते. अमानती त्यांच्या मालकांकडे पोहोचवाव्यात, अशी आज्ञा कुरआनच्या सूरह निसामध्ये आहे. रुग्ण डॉक्टरांपुढे काय ठेवतो ते पाहा. तो शरीर उघडे करतो, रक्त देतो, घरातल्या गोष्टी सांगतो, बायकोलाही न सांगितलेले सांगतो. या सगळ्यातून डॉक्टरांना जे कळते ते रुग्णाबद्दलचे असते. कुणी म्हणेल, की ते ज्ञान डॉक्टरांच्या अभ्यासातून आले, म्हणून ते त्यांचे. शिंप्याचे उदाहरण घ्या. कापड आमचे, कसब त्याचे. कसबाची मजुरी त्याला मिळते आणि मिळालीच पाहिजे. पण शिवून झालेला सदरा त्याला ठेवून घेता येत नाही. निदानाचेही तसेच आहे. फी दिली असो वा सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला असो, आपल्या शरीराबद्दल निघालेला निष्कर्ष आपलाच. तो आपल्याला वापरता येईल अशा भाषेत परत मिळणे म्हणजे अमानत परत मिळणे. इंग्रजीतला कागद हातात देणे म्हणजे ती परत करणे नव्हे. कुलूप लावलेली पेटी द्यायची आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची, असा तो प्रकार आहे.

हा विचार नवा नाही. अबू बक्र अल-राझी या थोर हकिमाने आपल्या शिष्यासाठी 'अखलाक-उत-तबीब' नावाचे वैद्याच्या नीतीवरचे छोटे पुस्तक लिहिले. त्याच्याही आधी इसहाक बिन अली अल-रुहावी याने 'अदब-उत-तबीब' लिहिले. वैद्याला औषधांबरोबर वागणूकही शिकावी लागते, हे हजार-अकराशे वर्षांपूर्वी माहीत होते. 'हकीम' या शब्दाचा अर्थच मुळी शहाणा माणूस. आणि आजाऱ्याची इयादत, म्हणजे त्याच्याकडे जाऊन विचारपूस करणे, ही मेहरबानी न मानता त्याचा आपल्यावरचा हक्क मानण्याची शिकवण आपल्याकडे आहे. शेजाऱ्याने विचारपूस करणे हा जर हक्क, तर वैद्याने सांगणे हा हक्क नाही काय?

कायदाही हळूहळू इथेच येऊन पोहोचला आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांसाठी आचारसंहितेचे नियम केले. त्यांत म्हटले आहे, की डॉक्टरने आजाराचे गांभीर्य फुगवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा त्याचे जबाबदार मित्र यांना पुरेशी कल्पना असावी. या वाक्यातला 'किंवा' आम्हाला अडतो. त्या 'किंवा'तून किती बायका आपल्याच आजाराच्या बाहेर राहिल्या असतील! नवऱ्याला सांगितले, सासूला सांगितले, काम झाले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीचा एक खटला आला. एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला संमती दिली होती. ती भुलीच्या अमलाखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढून टाकले. न्यायालय म्हणाले, रुग्ण सज्ञान आहे, जिवावरचा प्रसंग नाही, तर आईची संमती चालणार नाही. संमती तिचीच हवी. ती देण्यापूर्वी उपचार काय, कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोके कोणते आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे तिला सांगितले गेले पाहिजे. अमानत मालकाच्याच हाती द्यायची, मालकाच्या आईच्याही नाही, असाच याचा अर्थ होतो.

बायकांच्या बाबतीत हे विशेष जोर देऊन सांगायला हवे, कारण त्यांच्या बाबतीत ऐकणेच आधी झालेले नाही. आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे मूल वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत गेले. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला आपले दुखणे सांगत नाहीत, हे त्यांनी पाहिले, आणि त्या अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या गप्प होत्या. त्यांना कुणी विचारलेच नव्हते. बुरख्यातली, पदरातली आणि लुगड्यातली बाई या बाबतीत सारखीच.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप वेळेचा. एका सकाळी शंभर-दीडशे रुग्ण तपासायचे, मधेच अपघात, बाळंतपण, वर पोलीस केस. डॉक्टर माणूस आहे, हे विसरून चालणार नाही. पण वेळ नसल्याने कर्तव्य संपत नाही, ते थकबाकीत जाते. ती थकबाकी एकट्या डॉक्टरच्या नावावर टाकणेही अन्यायाचे आहे. रिक्त जागा न भरणारे शासन त्यात वाटेकरी आहे. शिवाय सगळे डॉक्टरनेच सांगितले पाहिजे असेही नाही. परिचारिका आहेत, २००५ नंतर गावोगाव आलेल्या आशाताई आहेत. त्या गावच्याच असतात, बोली जाणतात. त्यांना बोलावून दोन मिनिटे मधे उभे केले तर सातवीतल्या मुलीची रजा वाचेल आणि तिच्या डोक्यावरचे ओझेही.

वेळेबद्दल आणखी एक गोष्ट आम्ही शिक्षक म्हणून सांगू शकतो. बी.एड.ला आम्हाला पाठ घेताना पहिल्या काही दिवसांतच बजावले जाते, की वर्गाला "समजलं का?" असे विचारू नये. साठ मुले एका सुरात "हो" म्हणतात आणि त्या "हो"ला काही अर्थ नसतो. त्याऐवजी शिकवलेल्यातले काही विचारावे. आणि शिकवताना ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. दवाखान्यातही नेमके हेच आहे. "समजलं ना?" म्हटल्यावर रुग्ण मान हलवतो. त्याऐवजी "आता घरी जाऊन या गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा बरं," असे म्हटले तर अर्ध्या मिनिटात कळते, की काय पोहोचले आणि काय सांडले. वैद्यकशास्त्रातही आता हीच पद्धत सांगितली जाते. "दिवसातून तीनदा जेवणानंतर" असे लिहिले, पण वीटभट्टीवरचा माणूस दोनदाच जेवतो. तो तिसरी गोळी घेत नाही, कारण त्याने कागदाचे तंतोतंत पालन केलेले असते!

क्षयरोगाचे पाहा. नेहमीच्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामाला जातो आणि गोळ्या सोडतो. त्याला "सहा महिने घ्या" असे सांगितलेले असते, पण बरे वाटल्यावरही का घ्यायच्या, हे सांगितलेले नसते. शेतकऱ्याला सांगायला किती सोपे आहे : वरून गवत कापले, मुळे जमिनीत आहेत, आता थांबलात तर दुप्पट जोमाने येईल आणि मग याच औषधाला जुमानणार नाही. हे ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणे.

आमच्या घरांतले उदाहरण रमजानचे. मधुमेहाचे कितीतरी रुग्ण इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असतानाच रोजे ठेवतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगितले तर "असले काही करू नका" म्हणून ओरडतील, ही भीती. मग दुपारी साखर उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. आजाऱ्याला रोजातून सवलत खुद्द कुरआनने दिलेली आहे, हे त्या रुग्णाला ठाऊक असते, पण त्याचे मन तयार नसते. रमजानच्या महिनाभर आधी ज्या डॉक्टरने विचारले, "यंदा रोजे ठेवणार आहात का?", त्याला रुग्ण खरे सांगतो. मग सहेरी-इफ्तारप्रमाणे औषधाची वेळ आणि मात्रा बदलता येते, किंवा तुमच्यासाठी यंदा धोका मोठा आहे हे शांतपणे पटवता येते. त्या डॉक्टरने मुसलमान असण्याची गरज नाही. विचारण्याची गरज आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वाईट बातमी सांगावी का? "अब्बांना कॅन्सर आहे हे सांगू नका, ते खचतील," असे मुले डॉक्टरांना विनवतात. ही विनवणी प्रेमातून येते, तिला नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आशेने शरीराला बळ मिळते, हे जुन्या हकिमांनाही ठाऊक होते. तरीही अब्बांना काही कामे करायची असतील. कुणाचे कर्ज फेडायचे असेल, वसियत करायची असेल, रुसलेल्या भावाला भेटायचे असेल. आपल्याकडे तर मरणाऱ्याच्या कर्जाला फार मोठे महत्त्व आहे. त्यांना न सांगून आपण त्यांचे दुःख वाचवतो की त्यांची शेवटची संधी हिरावतो? अमानतीचा विचार इथे वाट दाखवतो. मालक म्हणू शकतो, "सध्या तुमच्याजवळच असू द्या." ते चालते, तो त्याचा अधिकार. पण हे मालकाला विचारल्यावरच. "तपासण्यांत जे निघेल ते तुम्हाला सगळे सांगू, की घरच्यांना सांगितलेले चालेल?" एवढे विचारले की खोटे बोलावे लागत नाही आणि घाव घातल्यासारखे सत्य तोंडावर फेकावेही लागत नाही. कुणी अमानत परत करताना ती अंगावर फेकत नाही. दोन्ही हातांनी देतो.

यातूनच तिसरी गोष्ट निघते, आणि ती वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आहे. कसारा घाट ओलांडला की नाशिक. तिथे १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. देशभरात २०१९ पासून एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय प्रत्येक टप्प्यावर ठेवला आहे आणि सुरुवातीच्या काळात स्थानिक भाषेचीही ओळख करून द्यायची आहे. पुढे विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहण्याची योजना आली. हे सारे चांगले आहे. मात्र उर्दूत आम्ही तालीम आणि तर्बियत असे दोन शब्द वापरतो. तालीम म्हणजे शिक्षण, तर्बियत म्हणजे घडवणूक. संवादाची तालीम देता येते : नजरेला नजर द्या, मधे तोडू नका, सोपे शब्द वापरा. पण गोड बोलणे तर विमा विकणाराही शिकतो. मोठ्या शहरांतल्या काही खाजगी रुग्णालयांत मऊ आवाजात, खुर्ची जवळ ओढून, गरज नसलेल्या तपासण्या गळ्यात बांधल्या जातात. तिथे कौशल्य पुरेपूर असते आणि अमानतीत खयानत होते. उलट एखादा तुसडा डॉक्टर तोडून बोलतो, पण खरे सांगतो, समजेपर्यंत सांगतो. आम्ही त्याच्याकडे जाऊ. विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची तर तो किती मधुर बोलला हे न पाहता, समोरच्याला त्याचे स्वतःचे असलेले किती परत मिळाले हे पाहावे. आणि ती तर्बियत पुस्तकाने होत नाही. विभागप्रमुख वॉर्डमधल्या म्हातारीशी कसे बोलतात, हे पाहून होते.

अमानतीला दुसरी बाजूही आहे. डॉक्टरही विश्वासाने आपल्यापुढे बसलेले असतात. आधी भगताकडे जाऊन आलो, झाडपाला घेतला, मागच्या गोळ्या मधेच सोडल्या, दारू पितो, हे आपण लपवतो आणि उपचार चुकला की डॉक्टरला धरतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले आणि हाल झाले ते गरीब रुग्णांचेच. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. कायदा डॉक्टरला संरक्षण देईल, सनद रुग्णाला हक्क देईल. पण दोघांमधल्या टेबलावर विश्वास कुणी आणून ठेवायचा? मारहाण कधीच समर्थनीय नाही. तरीही जिथे तासन्‌तास कुणी काही सांगत नाही तिथे अफवा आधी पोहोचते, आणि हात अफवेमागून उठतात, हेही खरे आहे.

मग आपण, जे डॉक्टर नाही, त्यांनी काय करावे? दवाखान्यातून उठण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : मला काय झाले आहे, मी काय करायचे आहे, आणि काय झाले तर लगेच परत यायचे. हे विचारणे उद्धटपणा नाही. आपली ठेव परत मागणाऱ्याला कुणी उद्धट म्हणत नाही. पण प्रौढ वयात एकाएकी हे धैर्य येत नाही. ते लहानपणी वर्गात येते. ज्या वर्गात "सर, समजलं नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला हसले जाते, तो मुलगा मोठेपणी डॉक्टरपुढे मान हलवतो. ज्या वर्गात तसे म्हणणाऱ्याला शाबासकी मिळते, तो उद्या विचारील. आणि त्याच वर्गातली एखादी मुलगी डॉक्टर होऊन डोळखांबला किंवा धसईला रुजू झाली, तर "समजलं नाही" हे शब्द ऐकून ती घड्याळाकडे पाहणार नाही. पुन्हा एकदा, सोप्या शब्दांत सांगेल.